बर्फात तोंड घालणारी शालनकाकी

शालनकाकीवर अन्याय झाला तो एका वर्षी, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात डॉक्टरने तिची नाडी धरली, ईसीजी काढला, तो नॉर्मल आला आणि त्याने केसपेपरवर इंग्रजीत एक शब्द लिहिला: अँक्झायटी. चार मिनिटांत काम झालं. त्या शब्दाने तिची आठ वर्षं खाल्ली.

काकी मालवणच्या बाजारात मासे विकायची. गिऱ्हाइकाशी भाव करता करता ती मध्येच गप्प व्हायची, हात गळ्याशी जायचा आणि पुढच्याच क्षणी सुरमईच्या खोक्यातल्या बर्फात ती तोंड खुपसायची, पार कानापर्यंत. वर यायची तेव्हा भुवयांवर बर्फाचा चुरा. "हां, गेलो पावणो. बोल, दोन घेतंस काय चार?"

पावणो म्हणजे छातीत अचानक सुटणारी धडधड. "न सांगता येता, न सांगता जाता. तेका दुसरा काय म्हणतले?" शेजारची वासंती रोज डिवचायची, "शालन, सुरमयेचो मुको घेऊन झालो काय?" सगळा बाजार हसायचा.

मीही हसले होते. नुसती हसले नाही, लिहिलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम मी तेव्हा नुकतंच सुरू केलं होतं; अंगात येण्याविरुद्धच्या माझ्या पहिल्याच पत्रकात 'बर्फात तोंड घालून घुमणारी एक बाई' होती. नाव नव्हतं, मालवणात त्याची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी काकीने हाक मारली.

"ये गो, शिकलेल्या बाये. माझ्या आंगात कोण येता ता लिवलंस. आता ह्या पण वाच."

प्लास्टिकच्या पिशवीतून तिने केसपेपर काढला. मी अर्थ सांगितला. भीतीचा आजार.

"भिती? माका? घो वादळात दर्यावर आसताना मी भाकऱ्यो भाजलंय. माका कसली भिती?"

मला माझी लाज वाटली. आठवड्याभरात मी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आजवर कोणी न विचारलेलं विचारलं, "धडधड सुरू झाली की तुम्ही काय करता?" काकी लाजून पदर चाळवत बसली. बर्फाचं मीच सांगितलं. बाई हसल्या नाहीत. गार पाण्यात तोंड घातलं की असली धडधड थांबू शकते, म्हणाल्या. काकीने उपाय स्वतःच शोधला होता. "पण ती थांबवून तुम्ही डॉक्टरकडे जाता. मग कागदावर काय उमटणार? पुढच्या वेळी चालू असताना या."

"तसल्या अवतारात चार माणसांत कसा जावचा?" काकी पुटपुटली. आठ वर्षं ती दवाखान्यात जायच्या आधी, माणसांत जायचं म्हणून, स्वतःचा पुरावा पुसून जात होती.

पुढची वेळ एका बुधवारी आली. मी बाजारातच होते. तिचा हात गळ्याशी गेला, ती खोक्याकडे वाकली, मी खांदा धरला. "काकी, आज बर्फ नको."

"मरतलंय गो मी!"

"नाही मरत. चल."

हे मी कशाच्या जोरावर म्हणाले, माहीत नाही. रिक्षात तिच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. तिने माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. घामाने चोळी भिजलेली, ओठ पांढरे. आणि या बाईला काळजी कसली? "खड्डे चुकव रे मेल्या! हिसको बसलो तर पावणो उतरान पळतलो!" मी दर मिनिटाला विचारत होते, "आहे का गं अजून?" ती मान हलवत होती. आहे.

डॉक्टरीणबाईंच्या मशीनमधून ईसीजीची पट्टी बाहेर आली. दाट, अंगावर येणाऱ्या रेघा. आठ वर्षांत पहिल्यांदा पावणो कागदावर सापडला.

महिन्याने कोल्हापूरला अ‍ॅब्लेशन झालं. जांघेतल्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेतात, आणि ही टक्क जागी. हृदयातल्या विजेची चुकीची वाट नेमकी कुठे आहे ते कळावं म्हणून डॉक्टरांनी धडधड मुद्दाम सुरू केली. काकी टेबलावरून ओरडली, "होच तो! होच तो मेलो! डाक्टरानू, धरा, सोडू नकात!" मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला नंतर म्हणाली, "भियान नाय गो रडलंय. इतक्या जणांनी एकदम बघल्यानी ना तेका."

तारेच्या टोकाने ती वाट जाळली, तेव्हा छातीत थोडी आग झाली, तेवढंच. त्यांनी पावण्याला पुन्हा बोलावून पाहिलं. आला नाही. तिनेच फर्मावलं, "आणखी एकदा बोलवा." तरीही आला नाही.

बरी झाल्यावर ती त्या जुन्या दवाखान्यात गेली. मी सोबत होते. तिथे ती ठेवणीतलं मराठी बोलली. "डॉक्टर, हा शब्द खोडा."

"मावशी, बऱ्या झालात ना? जुने कागद कशाला उकरता?"

"बरी मला दुसऱ्यांनी केली. शब्द तुमचा आहे."

तो हसला, घड्याळ पाहिलं, पुढच्या पेशंटला हाक मारली. काकी स्टुलावरून हलली नाही. बाहेर रांग कुरकुरायला लागली. शेवटी त्याने एक आडवी रेघ मारली, खाली सही केली. माफीचा शब्द नाही.

पायऱ्या उतरताना मी खुशीत होते. ती नव्हती. "माझो खोडलो. बाकी बायकांचो कोण खोडतलो?"

काकी आता देवगडला लेकीकडे असते. तिचा प्रश्न मात्र माझ्या मानगुटीवर बसलाय, आणि मी तो एकटीने वाहणार नाही. तुमच्या आईचा, बायकोचा, बहिणीचा जुना केसपेपर आज शोधा. वाचा. तिच्या धडधडीला कोणी भीती, टेन्शन, मनाचे खेळ म्हटलं असेल, तर तिला घेऊन जा आणि एकच विचारा: धडधड चालू असताना ईसीजी काढला होता का? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.