टिकलीपर्यंतचा आवाज

सकाळी साडेआठ वाजले की माझा एक कान खाडीकडे जातो. भांडी घासत असले तरी, आईशी फोनवर बोलत असले तरी. ‘तुझा लक्ष खंय आसा?’ असं दोनदा विचारून आई कंटाळून फोन ठेवते. नवऱ्याची होडी लहान, मागे एक इंजिन, होडीत तो आणि त्याचा चुलतभाऊ. पहाटे जातात, नऊ-सव्वानऊपर्यंत परत येतात. खाडीकाठच्या आम्हा बायकांना कोण आलं ते बघायला बाहेर जावं लागत नाही. इंजिनाच्या आवाजावरून होडी कळते. शेजारणीचं इंजिन खोकतं. आमचं मध्येच एक ठोका गाळतं आणि मग दोन घाईघाईने घेतं. लग्न होऊन आरोंद्याला आले तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. मी कट्टा गावची, भात आणि काजूवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे आवाजावरून फार तर एसटी ओळखायची.

हसू गेल्या वर्षी श्रावणात संपलं. खाडीच्या मुखाशी वाळू सरकत असते. आज जिथे खोल पाणी, तिथे उद्या कंबरभर, आणि वर लाट फुटते. तिथे होडी उलटली. दोघे पोहून काठाला लागले, गुडघे फुटले, जाळं गेलं. मी तेव्हा माहेरी गेले होते. कट्ट्याच्या बाजारात वांगी निवडत होते आणि वांगीवालीच्या कसल्याशा बोलण्यावर खदखदून हसत होते. ते हसणं आठवलं की अजून अंगावर काटा येतो. हा पाण्यात हातपाय मारत होता आणि मी हसत होते! तेव्हापासून ठरवून टाकलं, तो पाण्यावर असताना माझा कान जागेवर पाहिजे. मी ऐकत राहिल्याने होडी तरंगते असं नाही, एवढं मलाही कळतं. पण कानाला कोण समजावणार?

आता गिटारचं सांगते. माझा दादा गोव्यातल्या हॉटेलात बँडमध्ये वाजवायचा. लहानपणी पडवीत बसून त्याने मला बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं, आणि मला त्याचं वेड लागलं ते लागलंच. पुढे त्याला बोटीवर नोकरी लागली. जाताना इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे ठेवून गेला, अॅम्प्लिफायर मात्र विकून टाकला. अॅम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे तारा नुसत्या टुकटुकतात, शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जात नाहीत. तशीच मी बारा वर्षं वाजवली. वेळ एकच, सकाळची. मुलगी शाळेत गेलेली, सासूबाई टोपली घेऊन बाजारात, नवरा समुद्रावर. इंजिन ऐकू आलं की गिटार पिशवीत, पिशवी कपाटावर, आणि मी धावत धक्क्यावर. मासळी उतरवायची, निवडायची, बर्फात घालायची. मग तो जेवून झोपतो, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, सासूबाईंच्या मालिका. कधी वाजवणार?

यंदा मे महिन्यात पावसाळ्यासाठी होड्या काठावर ओढल्या, तेव्हा ठरवलं, बस झालं, एक लहानसा अॅम्प घ्यायचा. फोनवर व्हिडिओ बघायला लागले आणि डोकं फिरायची वेळ आली. घरी वाजवायचा अॅम्प म्हटलं की सगळे एकच सांगतात, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, आवाज बाहेर जाऊ नये. माझं नेमकं उलटं. माझा आवाज बाहेर गेला तर जाऊ दे, बाहेरचा आवाज आत यायला हवा. हे कुठल्या व्हिडिओत सांगितलेलं नाही. दादाला विचारलं. तो बोटीवरून म्हणाला, ‘अगो, हेडफोनवालो घे. काडेपेटीएवढो असता. गिटारात खुपसायचो, कानात घालायचो, कोणाक त्रास नाय.’

सावंतवाडीला एक दुकान आहे, तिथे भजनाचं सामान मिळतं. पेट्या, पखवाज, टाळ, आणि एका भिंतीला स्पीकर. गिटार घेऊन तिथे गेले. दुकानदार उतारवयाचे, चष्मा कपाळावर.

‘किती माणसा बसतली?’ त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

‘कोणी नाही. मी एकटीच.’

‘मगे अॅम्प कित्याक होयो?’

काय सांगणार कपाळ! त्यांच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक भजनी सप्त्याला नाहीतर दशावताराच्या नाटकाला सामान नेणारं. आवाज देवळाच्या पटांगणापलीकडे गेला पाहिजे, हाच त्यांचा हिशेब. त्यांनी मला कमरेएवढा उंच एक डबा दाखवला, माइक जोडायची सोय असलेला. मी मान हलवली. मग मधला. मग कुठून तरी वरच्या फळीवरून दोन लहान खोकी काढली. एक दादाने सांगितलेला हेडफोनचा. दुसरा पाच वॅटचा, जेवणाच्या डब्याएवढा, बॅटरीवर चालणारा. आमच्याकडे लाईट येते कमी आणि जाते जास्त, त्यामुळे बॅटरी बघून जरा बरं वाटलं.

आधी हेडफोनवाला लावला. एक सूर छेडला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बारा वर्षं ज्या गिटारची टुकटुक ऐकली, तिच्या पोटात हे एवढं होतं? मी वाजवत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. वर बघितलं तर दुकानदार समोर उभे, त्यांचे ओठ हलतायत, हात हलतायत, आणि मला काहीच ऐकू येत नाही. हेडफोन असा ओढून काढला की केसांत अडकला.

‘काय? काय झालं?’

‘चाय इली, म्हणतंय. थंड होता.’

चहा तसाच ठेवून मी दारापाशी जाऊन रस्त्याकडे कान लावला. त्यांना वाटलं, मी आजारी आहे. आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हटलं, काका, मला वाजवता वाजवता आमच्या होडीचं इंजिन ऐकू यायला हवं. घर खाडीपासून नारळाच्या सात-आठ झाडांइतक्या अंतरावर आहे. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. एकदम धंद्यातले झाले. पाच वॅटवाला लावून दिला, दुकानाचा पंखा बंद केला, किल्ली घेतली आणि म्हणाले, ‘मी स्कूटर घेवन नाक्यार जातंय. थंयसून परत येतंय. तू वाजयत रव. स्कूटर आयकाक इली काय हात वर कर.’

पाच वेळा गेले ते. भर उन्हात! पहिल्यांदा स्कूटर दारात येऊन उभी राहिली तरी मला पत्ता नाही. मग आवाजाचं बटण थोडं खाली, अजून थोडं. पाचव्या खेपेला नाक्यावरचं वळण घेतानाच मला ती ऐकू आली आणि मी हात वर केला, तो तसाच धरून ठेवला; दारात पोचल्यावर त्यांनीही हात वर केला. मी कपाळावरची टिकली काढली आणि बटण जिथे होतं तिथे अॅम्पवर चिकटवली. टिकलीपर्यंत वाजवायचं, पुढे जायचं नाही. काका म्हणाले, इतक्या वर्षांत असलं गिऱ्हाईक बघितलं नाही. बिल करताना हसत होते, पण ते हसणं लागलं नाही मला.

ऑगस्टात होड्या परत पाण्यात गेल्या आणि माझी सकाळ सुरू झाली. दार उघडं, अॅम्प उंबऱ्याजवळ, बटण टिकलीवर. तेवढ्यात आवाज फार होत नाही, पण सूर सूर वाटतो. ठोका गाळणारं इंजिन मुखातून आत आलं की मला बरोबर कळायचं. झटकन बंद करायचं, खाऱ्या वाऱ्याने गंज धरू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि धक्का गाठायचा. नवऱ्याने एकदा अॅम्प उचलून बघितला. ‘बरो आसा गो,’ म्हणाला आणि झोपायला गेला. त्याच्यापुढे वाजवायची लाजही वाटायची, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी वारा दक्षिणेचा, म्हणजे बिघडलेल्या समुद्राचा, होता. पहाटे निघताना मी म्हटलं होतं, आज नको जाऊस. ‘तुझा रोजचाच,’ म्हणाला. बरोबर आहे, रोजच म्हणते मी.

नऊ वाजले. शेजारणीचं इंजिन खोकत आलं. आणखी दोन आली. साडेनऊ. फोन लावला, बंद. चुलतभावाचा लावला, तोही बंद. समुद्रावर रेंज नसते, हे माहीत असूनही मी दर दोन मिनिटांनी लावत होते. शेजारणीला विचारलं, तिच्या नवऱ्याने यांना बघितलं का. नाही म्हणाली, आणि नाही म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. मुखाकडे जावं तर रस्ता लांबचा, आणि तेवढ्यात तो घरी आला तर? घरातच थांबले. हात रिकामे राहीनात म्हणून गिटार घेतली. बटण टिकलीवर. वाजवते कसली, एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि सगळा जीव कानात.

दहाच्या सुमाराला एक मोठं इंजिन आत आलं. जड, घुमणारं, आमच्या खाडीतलं नव्हेच. वेंगुर्ल्याकडची मोठी होडी असणार, डिझेलला आली असेल. माझ्या कामाची नव्हती, मी ती सोडून दिली. ती धक्क्याकडे गेली, थांबली, आणि मग खाडीत काहीच राहिलं नाही. नारळाच्या झावळ्या आणि वारा. त्या रिकाम्या खाडीकडे कान लावून बसणं म्हणजे काय असतं ते मी सांगू शकत नाही. मला कट्ट्याचा बाजार दिसायला लागला, वांगी दिसायला लागली, माझं ते हसणं ऐकू यायला लागलं.

आणि मला ऐकणं सहन होईना. खरं सांगते, मी जाणूनबुजून केलं. बटणाला हात घातला आणि टिकलीच्या पुढे, पार शेवटपर्यंत फिरवलं. नाही ऐकायचं मला! जे काय असेल ते कुणीतरी दारात येऊन सांगेल. डोळे मिटले आणि वाजवायला लागले. दादाने पडवीत शिकवलेलं सगळं, एकामागून एक. चुकत होते, रडत होते, थांबत नव्हते. अॅम्प थरथरून जमिनीवर सरकत होता. शेजारणीने काय म्हटलं असेल देव जाणे.

तारेने बोट कापलं तेव्हा थांबले आणि डोळे उघडले. दारात नवरा उभा होता.

नखशिखांत भिजलेला. चपला नाहीत. कपड्यांतून निथळलेलं पाणी उंबरा ओलांडून अॅम्पच्या जवळपर्यंत आलं होतं, म्हणजे बराच वेळ उभा होता. जाळं इंजिनाच्या पंख्यात गुंतून ते बंद पडलं होतं. हा पाण्यात उतरून सोडवत होता, सुटलं नाही. शेवटी वेंगुर्ल्याच्या होडीने ओढून आणलं. माझ्या कानासमोरून, त्याच जड आवाजात, तो घरी आला होता आणि मी त्याला सोडून दिलं होतं.

‘जीव घेतलंस माझो!’ मी ओरडले. ‘हाक मारूक काय झालेला? तोंड शिवलेला?’ आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझा श्वास संपल्यावर म्हणाला,

‘थांबलंस कित्याक?’

‘म्हणजे?’

‘मी इलंय काय तुझा ता कपाटार असता. इतकी वर्षां माका वाटा, तू ता नुसता पुसून ठेवतंस.’ मग पायाकडे बघत, ‘माका म्हायतच नाय होता गो, तू असा वाजयतंस.’

बारा वर्षं. त्याचं इंजिन ऐकू येईपर्यंत वाजवायचं आणि ऐकू आलं की थांबायचं. त्याने ऐकायचं तरी कधी? हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सगळं ऐकायचं काम माझंच, असं धरून बसले होते मी.

‘मासळी?’ मी विचारलं.

‘चुलतभाव बघता. तू वाजय.’

तो तसाच ओल्या कपड्यांनी उंबऱ्यावर बसला, चौकटीला पाठ टेकून. मी बोटाला फडकं गुंडाळलं आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीतच दोनदा चुकले. सवयीने कान खाडीकडे गेला, तिथे त्याला काही काम नव्हतं, परत आला. तिसऱ्या ओळीला बघितलं तर याची मान एका बाजूला कलली होती, तोंड उघडं, गाढ झोपलेला. पहाटेपासून पाण्यात होता बिचारा.

त्याला उठवून कपडे बदलायला लावायला हवं होतं. मी उठवलं नाही, आणि बटणही खाली केलं नाही.