पहिल्या परिषदेचे प्रतिनिधी

काल आमच्या कामगार वकील संघटनेची परिषद नंदुरबारला भरली. एसी हॉल, एकही खुर्ची रिकामी नाही. कुणीतरी मागचं दार उघडलं आणि पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, पसरलेल्या मिरचीचा ठसका आत आला. मला एकदम आमची पहिली परिषद आठवली.

ती पथारीलगतच्याच पत्र्याच्या शेडमध्ये होती. माझे सीनियर अप्पा धुळे-जळगावपर्यंत स्वतः जाऊन वकिलांना आमंत्रणं देऊन आले होते. आलं कुणीच नाही. ऊन डोक्यावर आलं, वरण-बट्टी निवत चालली. "अप्पा, राहू द्या आता ही संघटना," मी म्हणाले. ते नुसते कोटाची बटणं सोडत बसले.

तेवढ्यात दारात सुपडाबाई आली. मागे मिरचीचे देठ खुडणाऱ्या साऱ्या बाया, नाकावर पदर, बोटं लालभडक. जेवणाची सुट्टी झाली होती. त्यांचा मजुरीचा खटला अप्पाच लढवत होते.

"अप्पा, खुर्च्या रिकाम्या शेतस. आम्ही बठूत का?"

अप्पांनी बटणं पुन्हा लावली. माईकसमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आदरणीय प्रतिनिधींनो!"

सुपडाबाईने चटकन मागे वळून पाहिलं, कोण मोठं माणूस आलं म्हणून.

तेव्हा मला हसू आलं होतं. काल अध्यक्षांनी तेच शब्द उच्चारले. हॉलभर काळे कोट होते. मीही मागे वळून पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.