मधे खाली ठेवायचं

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि बांधकाम खात्यात नकाशे काढणाऱ्या आमच्या बाबांनाही बाडबिस्तरा गुंडाळावा लागला. नेमकं तेव्हाच ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या आमच्या जुन्या घराचं काम निघालं होतं. पश्चिमेची खोली उन्हाळ्यात नुसती भट्टी व्हायची. आदल्या वर्षी, लू म्हणजे उन्हाळ्यातले भाजून काढणारे वारे चालू असताना, माझी तान्ही बहीण तिथेच गेली. आता आईला पुन्हा दिवस गेले होते. वैशाखात बाळ यायचं होतं. बाबांनी पश्चिमेच्या भिंतीबाहेर, थोडी जागा सोडून, दुसरी भिंत घ्यायचं ठरवलं. मधे कोंडलेल्या हवेमुळे ऊन आत पोचणार नाही, असा त्यांचा हिशेब.

निघताना ते आईला म्हणाले, "दोन्ही भिंतींच्या मधे खाली ठेवायचं. मिस्त्रीवर लक्ष ठेव."

बाबा जन्माचे ग्वाल्हेरचे. त्यांच्या मराठीत खाली म्हणजे रिकामं, हिंदीसारखं. आई साताऱ्याची, तिला खाली म्हणजे तळाशी. काय ठेवायचं, हे तिने विचारलंच नाही. विचारलं की बाबा हसायचे, "आली आमची दखनी मंडळी!" त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

काम संपत आलं. मिस्त्री उरलेला मलबा हातगाडीत भरू लागला, तेव्हा तिला वाटलं, हेच ठेवायचं असणार.

"ये सब बीच में डालो. साहब बोलके गये हैं."

"भर दें, बाईसाब? पक्का?"

"पक्का."

होळीला बाबा आले. संध्याकाळी त्यांनी आतून भिंतीला हात लावला. तापली होती. बाहेरून ठोकून पाहिलं, तर भरीव आवाज.

"अगं, मधे काय घातलंस?"

आईने सांगितलं. बाबा या वेळी हसले नाहीत. पहार घेऊन तडक भिंतीशी गेले.

"फोडून ठेवाल आणि परवा भोपाळला जाल," आई म्हणाली. "उघड्या घरात मी बाळंत होऊ? इतकी वर्षं माझ्या बोलण्याला हसलात. एकदा तरी नीट समजावून सांगायचं होतंत."

बाबांनी पहार खाली ठेवली. रजा वाढवून मिळाली नाही, ते गेले.

आई समोर राहणाऱ्या मावशींच्या गार तळघरात बाळंत झाली. भाऊ जगला. पुढे मलबा निघाला, खोली खरंच गार झाली, येणारेजाणारे बाबांचं तोंडभर कौतुक करत. आईने मात्र भावाला त्या खोलीत एकदाही निजवलं नाही.