मी फौजेत निघाले होते म्हणे!

गप्प बसणारी माणसं फसत नाहीत, असं वाटत असेल तर आधी माझं ऐका. मी तोंडानं नाही, बोटानं फसले!

लग्नाला दोनच महिने झाले होते. बालाघाटच्या सासरी माझं बोलणं म्हणजे 'हौ आई' आणि 'भात लावू का?' एवढंच. एका दुपारी सासूबाईंच्या मोबाईलवर फौजेची जाहिरात लागली. बर्फ, बँड, कडक इस्त्रीचे गणवेश!

"काहून वं," त्या म्हणाल्या, "फौजेले जाहिरात काहून लागते? आपल्या इथले पोरं त रोज सकाळी ग्राउंडवर स्वतःच धावून राह्यले."

सासूबाईंनी मला विचारलेला पहिला बिगर-स्वयंपाकाचा प्रश्न! मी हुरळले. उत्तर शोधायला त्यांच्याच मोबाईलवर 'अधिक जानकारी' दाबलं. नाव मागितलं, माझं टाकलं. नंबर मागितला, त्यांचा टाकला. जानकारी कसली? नुसतं 'धन्यवाद' आलं.

दुसऱ्या दिवशी फौजेच्या भरतीतल्या एका बाईंचा फोन आला. उचलला सासूबाईंनी. "आपकी बहू फौज में आना चाहती है," म्हणे!

"दोन महिन्यात जीव विटला तुहा? सरळ बॉर्डरवर?"

"नाही आई, मी फक्त..."

"भाजी तिखट होत होती त सांगाचं होतं!"

अर्ध्या तासात लांजीहून माझ्या आईचा फोन. "पोरी, काय कमी पडलं वं तिथं?" नवरा अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी. "मले त सांगाचं होतं!"

अहो, काय सांगायचं होतं? कुणी एक वाक्य पूर्ण करू देईल तर ना!

शेवटी सासूबाई डोळे पुसत उठल्या. "त्या बाईले मीच सांगतो, आमची सून येत नाही." फोन घेऊन अंगणात गेल्या. पाच मिनिटं. दहा. वीस! आम्ही दोघं दारात ताटकळत.

परतल्या त्या ताठ मानेनं. "धावणारे पोरं भेटतेत त्यायले. शिकलेल्या पोरी आपोआप येत नाही, म्हणून जाहिरात! ऑफिसर करतेत, गाडी देतेत, लोकं सलाम ठोकतेत!"

"पण तू नाही म्हटलं ना?" नवऱ्यानं घाबरत विचारलं.

"मी काहाले म्हणू? त्या बाईनंच नाही म्हटलं. लग्न झालेली चालत नाही म्हणे." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुलाकडे. सुस्कारा सोडला. "लग्नाले दोन महिने थांबली असती, त ऑफिसर झाली असती वं!"

तेव्हापासून शेजारणी येतात, चहा पितात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात. जी नोकरी मी मागितलीच नव्हती, ती हुकल्याबद्दल!

आणि कुणाला सांगू नका, परवा मलाही रडू आलं.