हायपर म्हणजे जास्त

दोन हजार साल नुकतेच उलटले होते. रत्नागिरीच्या एका प्रसूतिगृहाबाहेर, बाकावर, मालगुंडचा एक मच्छीमार माझ्याशेजारी बसला होता. आत त्याची मुलगी होती आणि दुसऱ्या खाटेवर माझी सून. तो एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट घट्ट आवळून बसला होता. मी विज्ञान शिकवीत असे, हे कळताच त्याने विचारले,

"गुरुजी, डॉक्टरीणबाई दोनदा हायपर म्हणाल्या. एक हायपरटेन्शन, दुसरं हायपररिफ्ले... कायतरी. हायपर म्हंजे मरण काय ओ?"

"हायपर म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त. तिचा रक्तदाब जास्त आहे आणि गुडघ्यावर ठोकले की पाय जास्त उडतो. मीठ कमी करायला सांगितले होते ना?"

त्याची बोटे पांढरी पडली.

"डोहाळे लागले म्हणून खारा बांगडा मागायची. माहेरी आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? मीच रोज भाजून दिला."

दोष त्याचा नाही, असे मी सांगितले. त्याला ते पटले नाही.

तेवढ्यात परिचारिकेने दारातून त्याच्या मुलीचे नाव घेऊन वडिलांना बोलावले. तो उठला नाही.

"गुरुजी, तुम्ही जावा नि ऐका. परत हायपर म्हणाल्या, तर मला सांगू नका."

मी उठलो. दारापाशी पोचेपर्यंत त्या शब्दाची भीती मलाही वाटू लागली होती.