भालेरावांसाठी मांडलेलं पान

जिंतूरला आम्ही गिरदावरसाहेबांकडे उतरलो होतो, ती हकीकत मी किती जणांना सांगितली असेल कुणास ठाऊक. लग्नाच्या मांडवात सांगितली, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगितली, व्याह्यांना तर त्यांच्याच आग्रहावरून दोनदा सांगितली. लोक पोट धरून हसतात. पण तिचा शेवट मी आजवर कुणालाही, अगदी बायकोलासुद्धा, खरा सांगितलेला नाही. सांगतो तो माझा रचलेला आहे. बरा रचलाय, म्हणून इतकी वर्षं टिकला.

तर आधी हसायचं ते हसून घेऊ. तेवढाच मला वेळ मिळेल.

नामांतराचा ठराव होऊन दोनेक वर्षं झाली होती. ठराव कागदावर, गावोगाव जळालेली घरं, आणि विद्यापीठाच्या कमानीवर जुनंच नाव. मी परभणीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो आणि नामांतराच्या बाजूनं होतो. म्हणजे काय होतो? निवेदनावर सही केली होती, एका सभेत बोललो होतो, टाळ्या पडल्या होत्या. प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्यांसाठी जिंतूरला शिबिर निघालं, तेव्हा शिकवायला मला आणि भालेरावांना पाठवलं. भालेराव आमच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. माझ्याहून लहान, बोलायला कमी, इस्त्रीच्या बाबतीत माझ्याहून पुष्कळ काटेकोर. बौद्ध. हे इथं लगेच सांगून टाकतो, कारण तिथं सांगितलं नाही.

डाकबंगला कुणा पुढाऱ्याच्या माणसांनी अडवलेला. स्टँडजवळच्या लॉजमध्ये ढेकूण इतके, की एक रात्र काढून सकाळी आम्ही दोघंही एकमेकांकडं न बघता बॅगा भरल्या. शिबिराच्या कारकुनानं गिरदावरसाहेबांचं घर दाखवलं. हे गृहस्थ निजामाच्या राजवटीत महसुलात चिकटले आणि गिरदावर म्हणून निवृत्त झाले. पोरं पुण्याला. घराच्या पुढच्या दोन खोल्या रंगवून त्यांनी बाहेर ‘अतिथी-सदन’ अशी पाटी लावली होती. राहणं आणि सकाळचा नाश्ता. बाकी जेवण बाहेर.

राहणं म्हणजे काय, ते ऐका. नाश्त्याला घंटा व्हायची. शाळेत असते तशी पितळी घंटा, आणि ती साहेब स्वतः वाजवायचे, आम्ही समोर बसलेलो असलो तरी. अंघोळीचे नंबर हुद्द्याप्रमाणे. बंब तापला की आधी यजमान, मग त्यांनी आमची नीट चौकशी करून मला वरचा ठरवल्यामुळे मी, मग भालेराव. तोवर बंबात राख आणि कोमट पाणी. माझ्या बाजेवर म्हणे एकदा कलेक्टर झोपले होते. ती बाज मधोमध इतकी खोल गेली होती, की कलेक्टर अजून आतच असावेत अशी मला शंका यायची. दर संध्याकाळी दारात उभे राहून ते विचारायचे, “प्रोफेसरसाहेब, तकलीफ तर न्हाई ना काही?” आणि मी तोंड उघडायच्या आत, “असणारच न्हाई! इंतजामच तसा हाय,” असं म्हणून निघून जायचे.

नाश्ता म्हणजे सुशीला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी, वरून डाळ्याचं कूट. चांगला पदार्थ आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण चातुर्मास म्हणून बिनकांद्याची, आणि रोज, आणि बरोबर साहेबांचं भाषण. कोणत्या तहसीलदारानं ती किती खाल्ली, कोण डोळ्यांत पाणी आणून काय म्हणाला. मी वैतागायचो. भालेराव शांतपणे चावत राहायचे.

एवढ्यावर लोक हसतात. इथवर सगळं खरं आहे.

आता वळतो. पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. भालेराव मागं आडावर हातपाय धुवायला गेले होते. साहेब माझ्या खोलीत आले, दार थोडं लोटून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, राग मानू नका. तुमचं तर मला कळलं. ते बरोबरचे भालेराव... आपल्यातलेच नं?”

आपल्याकडं भालेराव कुठल्याही जातीत सापडतात, नुसत्या आडनावावरून काही कळत नाही. त्यांनी मलाच विचारलं, कारण मला ठाऊक असणार होतं.

मी म्हणालो, “हो, हो. आपल्यातलेच.”

एका ‘हो’नं भागलं असतं. मी दोनदा म्हणालो.

का? त्या वेळी माझ्याजवळ उत्तर तयार होतं. भालेरावांचा अपमान टळावा म्हणून. किती उमदं कारण! पण मग त्यांना विचारलं का नाही? ते आडावरून आल्यावर, “मी असं असं बोललोय,” एवढं तरी सांगितलं का? नाही. मला पुन्हा बॅग भरायची नव्हती, एवढंच होतं ते. ढेकणांच्या लॉजात मला पुन्हा जायचं नव्हतं, आणि त्यासाठी मी एका माणसाची जात बदलून टाकली. सभेत बोलताना मला याहून जास्त विचार करावा लागला होता.

पुढं काय झालं असेल, तुम्ही ओळखलं असेल. घरातलेच दोघं समजून गिरदावरसाहेब मोकळे झाले. घंटा, सुशीला आणि नामांतर. “ह्या लोकांना काय पायजे ते कळतं का हो? आज विद्यापीठाला नाव, उद्या म्हणतील तुमच्या सोप्यात बसतो!” असं आणि याहून वाईट, जे मी लिहिणार नाही. मी मान खाली घालून मुरमुरे मोजत असायचो. भालेराव त्यांच्याकडं सरळ बघत ऐकून घ्यायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाहेर पडल्यावर हे माझी गचांडी धरणार. पण रस्त्यात ते म्हणाले, “माणूस निर्लज्ज आहे, सर. पण माझ्या तोंडावर बोलतो. परभणीतले सगळे पाठीमागं बोलतात. त्यापेक्षा हे बरं म्हणायचं.”

कळलं का? त्यांना वाटत होतं, गिरदावरांना माहीत आहे. माहीत असून त्यांनी जागा दिली, माहीत असून समोरासमोर बोलतात, म्हणून ते त्या म्हाताऱ्याला थोडं श्रेय देत होते. आणि मी काय केलं? “हो, तेही खरंच,” म्हणालो. मग आम्ही शिबिरात गेलो आणि मी तिथं समतेवर तास घेतला. तास चांगला झाला.

हे सांगायला मला रोज वेळ होता. शिबिर भरायचं त्या शाळेपर्यंतचा रस्ता लांब होता, परत येतानाचा तर चांगलाच लांब वाटायचा. रोज ठरवायचो, पुढच्या वळणावर सांगू.

पितृपक्ष लागला. रविवारी शिबिराला सुटी, आणि नेमकं त्याच दिवशी गिरदावरसाहेबांच्या वडिलांचं श्राद्ध. त्या पंधरवड्यात गावात जेवायला ब्राह्मण मिळणं किती अवघड असतं ते ठाऊक असेलच. गुरुजी मंत्र म्हणून पुढच्या घरी पळणार होते, जेवायला थांबणार नव्हते. शनिवारी संध्याकाळी साहेब माझ्याकडं आले, चेहरा फुललेला. “वडलांचंच पुण्य म्हणायचं! दोन ब्राह्मण घरातच धाडून दिले. उद्या दुपारी तुमी आन् भालेराव, दोघांनी पानावर बसायचं. न्हाई म्हणायचं न्हाई.”

भालेराव तेव्हा पोस्टात गेले होते. पुन्हा मी एकटाच.

मी म्हणालो, “बरं.”

या ‘बरं’ला काही कारण आहे का? मी खूप शोधलं. पहिल्या वेळी निदान ढेकूण होते. भालेराव परत आल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं, की उद्या घरात काही तरी कार्य आहे, जेवायला बोलावलंय. ते खूश झाले. खानावळीच्या वरणाला तेही कंटाळले होते. सकाळी त्यांनी शर्ट धुऊन वाळत घातला आणि दुसरा, कडक इस्त्रीचा घातला.

दुपारी आम्ही सोप्यात गेलो. दोन पाट, समोर दोन केळीची पानं, गुरुजी कोपऱ्यात पंचांग आवरत होते. खिरीचा आणि वड्यांचा वास घरभर. सोवळं नेसलेले गिरदावरसाहेब तांब्या आणि परात घेऊन आले, आणि भालेरावांच्या पुढ्यात खाली बसले. श्राद्धाला ब्राह्मणांचे पाय धुतात. घंटा वाजवणारा, अंघोळीचे नंबर लावणारा तो म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत खाली बसला आणि त्यानं भालेरावांच्या पायाकडं हात नेला.

भालेरावांनी पाय मागं घेतला. आधी त्यांनी परातीकडं पाहिलं, मग पानाकडं, मग माझ्याकडं. त्या नजरेत त्यांना सगळं उलगडलं असावं. रोजची सुशीला, रोजचं बोलणं, सगळंच. मग त्यांनी वाकून म्हाताऱ्याचा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाले, “साहेब, थांबा. मी बौद्ध आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?”

गिरदावरसाहेब बसल्या जागी माझ्याकडं वळले. त्यांच्या हातातला तांब्या कलला होता आणि पाणी परातीबाहेर सांडत होतं. “तुमी म्हणालात,” ते मला म्हणाले. “तुमी म्हणालात, आपल्यातलेच.”

आता ऐका. मी रचलेल्या शेवटात मी इथं उठतो. उठून म्हणतो, “जिथं भालेरावांचं पान नाही, तिथं माझंही नाही.” आणि आम्ही दोघं बॅगा घेऊन उन्हात बाहेर पडतो. वाक्य चांगलं आहे. मराठीचा प्राध्यापक आहे मी. या वाक्यावर एकदा एका तरुण मुलाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय.

खरं म्हणजे मी असं म्हणालो, “मला तरी कुठं ठाऊक होतं? मला ते तसंच म्हणाले होते.”

झालं. हेच ते.

खोटं मी बोललो होतो आणि ते भालेरावांच्या माथी मारलं, त्यांच्यादेखत. जात लपवून आमच्या पानाशी आलेला माणूस, असं त्यांना एका वाक्यात करून टाकलं. जे आयुष्यात त्यांनी कधी केलं नसेल, ते. त्यांनी प्रतिवाद करायला हवा होता, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. निदान शिवी तरी द्यायची. त्यांनी आत जाऊन बॅग घेतली, अंगणात येऊन दोरीवरचा ओला शर्ट काढला, नीट घडी करून पिशवीत ठेवला. ओल्या शर्टाची कुणी घडी करतं का?

स्वयंपाकघराच्या दारातून गिरदावरसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, “भर दुपारचं हाय हो. जेवून तरी जाऊ द्या त्यांना.” आयुष्यभर त्या घरात त्यांचं कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. त्या दिवशीही कुणी ऐकलं नाही. साहेबांनी डोळे वटारले. मी पाटाकडं पाहत होतो. एवढं बोलणं माझ्याच्यानं व्हायला हवं होतं. ते एका बाईनं केलं, आणि ती तर रोज आम्हाला बिनकांद्याची सुशीला वाढण्यापलीकडं काही बोललीही नव्हती.

मग गुरुजींना घाई होती. त्यांनी तोड काढली. ब्राह्मण मिळाला नाही तर दर्भाचा चट ठेवतात, म्हणजे दर्भाची जुडी बांधून ब्राह्मणाच्या जागी पाटावर बसवतात. शास्त्रात सोय आहे. भालेरावांच्या पाटावर गोमूत्र शिंपडलं, नवं पान मांडलं आणि त्यापुढं ती गवताची जुडी बसवली. गिरदावरसाहेबांनी माझे पाय धुतले. मी धुऊ दिले. मग मी जेवलो. शेजारी गवत, आणि मी.

शिबिर संपेपर्यंत मी त्याच घरात राहिलो. भालेराव शाळेतल्या बाकांवर झोपायचे. तास आम्ही ठरल्याप्रमाणे घेतले, खडूही एकमेकांना दिला. पुढं कॉलेजातही त्यांनी ही गोष्ट काढली नाही. ते गप्प आहेत असं पाहून मग मीच ती सांगू लागलो. माझ्या शेवटासह.

चौऱ्याण्णवला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. आमच्या कॉलेजनं समारंभ केला, जुन्या समर्थकांचा सत्कार. शाल, नारळ, हार, पाच-सहा वक्ते, त्यातल्या प्रत्येकाला आपलंच भाषण मुख्य वाटणारं. माझा एक विद्यार्थी बोलायला उठला आणि त्यानं जिंतूरची हकीकत सांगितली. बाज, घंटा, सुशीला, सभागृह हसलं. मग ते वाक्य. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत भालेराव बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर ते जवळ आले. माझ्या खांद्यावरची शाल घसरली होती, ती त्यांनी सारखी केली, आणि फक्त मलाच ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं, “सर, त्या दिवशी खीर चांगली होती का?”

मी हसण्यावारी नेलं. कुणी तरी फोटोसाठी हाक मारली, आणि मी तिकडं गेलो.

खीर चांगली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.