ताईच्या फॉर्मवरचा कोरा चौकोन

आमच्या गावच्या विहारात एक भिंत आहे, तिच्यावर फॉर्म चिकटवलेले आहेत. खरंच! कोणी नोकरीचा नाहीतर कॉलेजचा फॉर्म भरला का त्याची एक प्रिंट रविवारी वंदना झाल्यावर, सगळ्याईसमोर, लेई लावून तिथं चिकटवतात. अध्यक्ष काका नाव मोठ्यानं वाचतात, टाळ्या वाजतात, कोणी चिवडा आणते. नोकरी लागो न लागो, फॉर्म भरला म्हणजे एक पाऊल पुढं टाकलं, असं आहे आमच्या इथं. बाहेरच्याले हसू येईन, पण ज्याचा कागद त्या भिंतीवर गेला त्याची मान आठ दिवस ताठ राहते.

त्या भिंतीवर माह्या ताईचा फॉर्म आहे आणि तो मी भरलता. तेच सांगायचं आहे मले. पण आधी कॉम्प्युटरचं सांगतो, नाहीतर काहीच समजणार नाही.

विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. तिथला कॉम्प्युटर पुण्यात नोकरीले असलेल्या गावातल्या एका भाऊनं पाठवलेला, जुना. त्याच्यावर विंडोज होतं, पण पोट्ट्याईनं पेनड्राइव्हमधून लग्नाची गाणी आणून आणून इतके व्हायरस भरलते का बटन दाबून घरी चहा पिऊन यावं, तरी सुरू होत नव्हता. मग मी व्हिडिओ पाहून पाहून विंडोज काढलं आणि त्याच्या जागी लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम टाकली. फुकट, हलकं, मराठी टायपिंग एकदम झकास! ज्याले त्याले हात धरून आणून दाखवे मी.

"पाहा न काका, अर्ध्या मिनटात सुरू!"

अध्यक्ष काका चष्मा वर करून पाहत राह्यले. "ते बरोबर आहे बाबू, पण याच्यात तो पहिलेवाला हिरवा डोंगर काहून नाही दिसत?"

मी डोंगराचा फोटो लावून दिला. काका खुश, मी तर त्याहून खुश. तेव्हापासून मी सगळ्याईले सांगत फिरलो का आता फॉर्म भरायले तालुक्याले, आर्णीले जायची गरज नाही, आपला कॉम्प्युटर सगळं करते. सगळं!

आता ताई. माह्याहून आठ वर्षानं मोठी. नर्सिंग झालेली, आर्णीच्या एका दवाखान्यात कामाले. सरकारी नर्सची भरती निघाली आणि तिचं वय त्या भरतीत बसत होतं ते शेवटचंच. पुढच्या वेळी ती बाद. सहा महिने ड्युटीवरून आली का तशीच, पायातली चप्पल न बदलता, अभ्यासिकेत जाऊन बसे.

शेवटच्या तारखेले तीन दिवस होते. रविवार होता. वंदना झाली, सगळे मागच्या खोलीत जमले, मी साइट उघडली. पहिल्याच पानावर लाल अक्षरात आलं, 'आपली संगणक प्रणाली या संकेतस्थळाशी सुसंगत नाही.' मोबाईलवर उघडलं तर म्हणे कॉम्प्युटरवर उघडा.

ताई हळूच म्हणाली, "राहू दे न दादू. मी उद्या आर्णीत भरून घेतो. दवाखान्याच्या समोरच तर दुकान आहे."

तिनं असं म्हटलं होतं. तीन दिवस होते. दुकान समोरच होतं. हे मी रोज आठवतो.

पण मागं वीस लोकं उभे होते. एक काकू म्हणाली, "काय बे, सगळं करते म्हणत होता न तुहा कॉम्प्युटर?" सगळे हसले. मले लागलं ते.

"दोन मिनटं थांबा," मी म्हटलं. मले एक युक्ती माहीत होती. ब्राउजरमध्ये एक छोटी गोष्ट टाकली का साइटले वाटते आपण विंडोजवरूनच आलो. टाकली. लाल अक्षरं गायब! फॉर्म उघडला! मी खुर्चीवर उडालोच. पोट्टे शिट्ट्या मारून राह्यले. टपटप टपटप, नाव, पत्ता, मार्क, सगळं भरलं. फोटो टाकला, एक गोल फिरला, थांबला. सही टाकली, पुन्हा गोल फिरला, थांबला. काही चूक सांगतली नाही. पुढं जायचं बटन निळं झालं. 'अर्ज सादर झाला.'

प्रिंट काढली. फोटोचा चौकोन कोरा होता, सहीचाही कोरा.

पण आमच्या प्रिंटरची रंगीत शाई कधीची गेलेली, अक्षरं तेवढी उमटत. भिंतीवरचे सगळेच फोटो असे भुतासारखे पांढरे आले आहेत. ताई कागदाकडं पाहून म्हणाली, "माहा फोटो नाही आला रे." मी म्हटलं, "शाई गेली न ताई, तिकडं बरोबर गेला असेन." मी स्क्रीनवर पाह्यलंच नाही. पान बंद पण करून टाकलं होतं. काकांनी नाव वाचलं, टाळ्या झाल्या, ताईनं स्वतःच्या हातानं लेई लावली.

मग प्रवेशपत्रं निघाली. ताईच्या दवाखान्यातल्या दुसऱ्या पोरीचं आलं, तिनं समोरच्या दुकानात भरलता. ताईचं नाही. साइटवर नंबर टाकला तर दिसलं, 'अर्ज अपूर्ण. छायाचित्र व स्वाक्षरी प्राप्त नाही.'

मी मदतीच्या नंबरवर लावला, किती वेळा लावला कोण जाणे. शेवटी एक माणूस बोलला, चांगलं बोलला, ओरडला नाही.

"सर, आमच्याकडं लिनक्स आहे," मी म्हटलं. "तुमची साइट त्याच्यावर फोटो घेत नाही, म्हणून गेला नाही फोटो. चूक तुमच्या साइटची आहे न?"

तो टाईप करत होता, ऐकू येत होतं. मग म्हणाला, "इथे तर विंडोज दिसतंय. तुमचा अर्ज विंडोजवरूनच आलाय. मग तक्रार कशाची लिहू?"

मी फोन ठेवून दिला. मीच तर खोटं सांगतलं होतं साइटले.

ताई बाजूलेच उभी होती. तिनं विचारलं, मी सगळं सांगून टाकलं. मले वाटलं आता ताई मारीन. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे तिकडं कोणाले माहीतच नाही, का आपल्याकडं असा कॉम्प्युटर आहे म्हणून."

"नाही."

"मंग ते कायले दुरुस्त करतीन?" एवढं बोलून ती ड्युटीवर निघून गेली.

मी त्याच आठवड्यात विंडोज परत टाकलं. टाकल्या टाकल्या पहिले तेच पान उघडलं. लगेच उघडलं. लाल अक्षरं नाही, काही नाही. फक्त खाली बारीक लिहिलेलं, मुदत संपली आहे.

काका म्हणाले, "बाबू, तो कागद काढून टाक भिंतीवरून. पोरीले रोज दिसते." मी ओला फडका घेऊन गेलो तर ताई दारात उभी.

"राहू दे," म्हणाली. "फॉर्म भरताना बाकीच्या पोरी पाहतीन, फोटो गेला का नाही ते."

पण पोरी आता आर्णीलेच जातात फॉर्म भरायले. माह्याकडं कोणी येत नाही, आणि मीही कोणाले बोलावत नाही. कागद तिथंच आहे. त्याच्यावर ताईचं नाव आहे, मार्क आहेत, दोन कोरे चौकोन आहेत. वंदनेले ताई येते, पण पहिले समोर बसे, आता त्या भिंतीले पाठ येईन अशी बसते. तो कागद माह्याच समोर राहतो.